जूनमधलं लाउटरब्रुनेन: तळाशी उन्हाळा, माथ्यावर हिवाळा

आल्प्समधल्या खोऱ्यात केव्हा जावं, या प्रश्नाला नुसत्या तारखेचं उत्तर पुरत नाही. तिथं ऋतू जितका तारखेवर ठरतो तितकाच उंचीवरही ठरतो. दर शंभर मीटर चढाईला हवा साधारण ०.६ अंशांनी गार होते. स्वित्झर्लंडमधलं लाउटरब्रुनेन गाव ८०० मीटरवर आहे आणि त्याच्याच डोक्यावरचा शिल्टहॉर्न २,९७० मीटरवर. म्हणजे एकाच दुपारी, एकाच खोऱ्यात, बारा-तेरा अंशांचा फरक! खाली गवताची कापणी चालू असते आणि वर बर्फ वितळायचं असतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातले सहा दिवस आम्ही या खोऱ्यात तळापासून माथ्याकडे सरकत गेलो. वृत्तांतही त्याच क्रमानं लिहिला आहे. जिथं गरज वाटली तिथं हीच जागा जानेवारीत किंवा सप्टेंबरात कशी असते तेही सांगितलं आहे.

पहिला दिवस: खोऱ्याचा तळ

इंटरलाकेन ओस्ट स्थानकावरून लाउटरब्रुनेन वीस मिनिटांवर. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गाडी त्स्वायल्युचिनेनला दोन भागांत तुटते. अर्धी लाउटरब्रुनेनला जाते, अर्धी ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच बसा, नाहीतर चुकीच्या खोऱ्यात पोचाल.

हे खोरं हिमनदीनं कोरलेलं आहे, म्हणून त्याचा छेद इंग्रजी 'यू' अक्षरासारखा दिसतो. तळ सपाट, दोन्ही बाजूंना चुनखडीचे सरळसोट कडे, आणि कड्यांच्या माथ्यावर पुन्हा सपाट कुरणांचे टप्पे. मुख्य हिमनदीनं तळ खोल खरवडला, बाजूच्या लहान हिमनद्या वरच राहिल्या. त्यांची पाणी वाहणारी खोरी आज कड्याच्या तोंडाशी अर्धवट लटकलेली आहेत, आणि तिथून पाणी थेट खाली कोसळतं. खोऱ्यात ७२ धबधबे आहेत असं सांगतात. गावाच्या नावाचा अर्थही स्वच्छ झरे असाच लावतात.

गावापासून श्टेखेलबर्गपर्यंतची वाट नदीकाठानं जाते. सहा-सात किलोमीटर, जेमतेम शंभर मीटर चढ, पावणेदोन ते दोन तास. प्रवासाच्या पहिल्या दिवशी पाय मोकळे करायला याहून चांगली वाट नाही. नदीचं नाव वाइसे ल्युचिने, म्हणजे पांढरी ल्युचिने. हिमनद्यांनी दळलेलं खडकाचं पीठ पाण्यात तरंगत असतं, त्यामुळे ती ऐन उन्हातही दुधट दिसते.

वाटेच्या दोन्ही बाजूंना पहिली कापणी चालू होती. तीन दिवस कोरडी हवा आहे असा अंदाज आला की सगळं खोरं एकदम कामाला लागतं. सकाळी दव उडाल्यावर गवत कापायचं, पसरायचं, दुपारी उलटायचं, संध्याकाळी ओळींत ओढून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायचं. तळाच्या शेतात यंत्रं चालतात. कड्याच्या पायथ्याच्या उतारावर मात्र खिळ्यांच्या चाकांचं हातयंत्र आणि कडेला लांब दांड्याचा विळा. एका उतारावर सत्तरीच्या आजीबाई लाकडी दंताळ्यानं गवत वरून खाली ओढत होत्या. वेग असा की तरुणांनी बघत राहावं. ओलं गवत गोठ्याच्या माळ्यावर चढवलं तर ते आतल्या आत कुजून तापतं, आणि त्यातून गोठे पेटल्याची उदाहरणं आहेत. म्हणून ढग दिसताच सगळं घर शेतात उतरतं.

इथं पाहुण्यांनी पाळायचा एकच नियम आहे, आणि तो नेमका मोडला जातो. उंच वाढलेल्या, फुलांनी भरलेल्या गवतात फोटोसाठी शिरू नका. ते गुरांचं हिवाळ्याचं खाणं आहे. तुडवलेलं गवत आडवं पडतं आणि पात्याखाली येत नाही.

दुसरा दिवस: पाऊस, आणि दोन धबधब्यांची दोन वेळापत्रकं

सकाळपासून रिमझिम. पावसाचा दिवस ट्र्युमेलबाखच्या धबधब्यांसाठी राखून ठेवावा, कारण तिथं तसंही भिजायचंच असतं. आयगर, म्योन्ख आणि युंगफ्राउ या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी इथं डोंगराच्या पोटातून दहा टप्प्यांत खाली येतं. भर हंगामात सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत! बोगद्यातल्या लिफ्टनं वर जायचं आणि पायऱ्यांनी धबधबे बघत उतरायचं. कातळ थरथरतो, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पायऱ्या ओल्या असतात म्हणून खाचांच्या तळव्याचे बूट आणि पावसाळी जाकीट हवंच. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, तेव्हा लहान मूल बरोबर असेल तर आधीच ठरवा कोण बाहेर थांबणार. हिवाळ्यात हे ठिकाण बंद असतं, आणि तेव्हा बघायलाही फारसं नसतं. हिमनद्या गोठल्या की पाणी आटतं.

गावाच्या डोक्यावरचा श्टाउबबाख वेगळ्या चालीचा. उंची २९७ मीटर. त्याला हिमनदीचा आधार नाही. वरच्या कुरणांवरचं बर्फ आणि पाऊस यांवरच तो जगतो. मे-जूनमध्ये तो भरलेला असतो, सप्टेंबरच्या कोरड्या आठवड्यात त्याचा नुसता धूर होतो. पाणी खाली पोचण्याआधीच वारा त्याची भुकटी करतो आणि नावातला 'श्टाउब' म्हणजे धूळ, ती हीच. जर्मन कवी गटे १७७९ मध्ये इथं आला होता आणि याच धबधब्यावरून त्याला कविता सुचली. कडा पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन आणि इंद्रधनुष्य हवं तर सकाळीच जावं. दुपारनंतर तिथं सावली. धबधब्याच्या मागच्या कातळात कोरलेली एक लहान वाटही आहे. हिवाळ्यात वरून बर्फाचे सुळे तुटून पडतात म्हणून ती बंद ठेवतात.

या दोघांत एक फरक चालणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. हिमनदीचे ओढे दुपारी उशिरा आणि संध्याकाळी सर्वांत जास्त फुगतात, कारण दिवसभराच्या उन्हानं वितळलेलं पाणी खाली पोचायला काही तास लागतात. सकाळी दगडांवरून ओलांडलेला ओढा परतीच्या वेळी गुडघाभर झालेला असतो. असा ओढा वाटेत असेल तर परतीची वेळ आधीच आखून घ्या.

तिसरा दिवस: म्युरेनचा टप्पा, वसंत आणि चीज

पश्चिमेच्या कड्यावर म्युरेन, १,६५० मीटरच्या आसपास. पूर्वेच्या कड्यावर वेंगेन, १,२७४ मीटर. दोन्ही गावांत बाहेरच्या मोटारींना मज्जाव. मुक्काम कुठं करावा हे उन्हावरून ठरवा. म्युरेनला सकाळचं ऊन आधी मिळतं, वेंगेनला संध्याकाळचं उशिरापर्यंत. तळाच्या लाउटरब्रुनेनला हिवाळ्यात दोन्ही कड्यांच्या मधून ऊन थोडाच वेळ डोकावतं. डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्यांनी तर वरच राहावं.

लाउटरब्रुनेनहून केबलकारनं ग्र्युचआल्प, आणि तिथून रुळांच्या बाजूबाजूनं म्युरेनपर्यंत सव्वा तासाची जवळपास सपाट वाट. समोर सलग आयगर, म्योन्ख, युंगफ्राउ. खाली जे गवत कापून झालं होतं ते इथं अजून वीतभरच होतं. ओलसर जागी पिवळी झेंडूसारखी फुलं, कोरड्या उतारावर गडद निळी जेन्शियन. जसजसं वर जावं तसतशी तारीख मागे जाते.

गुरंही हाच क्रम पाळतात. मे अखेरीला ती खालच्या टप्प्यावर, जूनमध्ये मधल्या, जुलैत सर्वांत वरच्या कुरणावर, आणि सप्टेंबरात त्याच पायऱ्यांनी खाली. असं केलं की त्यांना प्रत्येक टप्प्यावर नुकतं फुटलेलं कोवळं गवत मिळतं. एकाच वर्षात तीनदा वसंत! दुधाला जी चव येते ती यातून.

विंटेरएगच्या कुरणाजवळ चीज बनवताना बघायला मिळालं. बनवणारे गृहस्थ कमी बोलणारे, पण थर्मामीटरकडे बोट दाखवून प्रत्येक पायरी समजावत होते. संध्याकाळचं आणि सकाळचं कच्चं दूध तांब्याच्या मोठ्या कढईत एकत्र करतात. ३२ अंशांच्या आसपास कोमट झालं की विरजण आणि रेनेट, म्हणजे दूध घट्ट बसवणारं द्रव्य, घालतात. अर्ध्या-पाऊण तासात दही खरवसासारखं घट्ट बसतं. मग तारा ताणलेल्या चौकटीनं ते कापत जातात, दाणा मक्याएवढा होईपर्यंत. त्यानंतर सतत ढवळत ५० अंशांच्या थोडं वर तापवतात. सगळी मेख या पायरीत आहे. घाई केली तर दाण्याला बाहेरून साल धरते, आतली निवळी अडकून राहते आणि चीज पुढं आंबूस होतं. दाणा मुठीत दाबून उघडल्यावर मोकळा सुटला पाहिजे. मग कापडात गोळा उचलायचा, साच्यात घालायचा, दाबाखाली ठेवून उलटत राहायचं, नंतर मिठाच्या पाण्यात. पुढं तळघरात महिनोन्‌महिने मिठाच्या पाण्यानं पुसायचं. साधारण दहा लिटर दुधाचं एक किलो चीज होतं. दीड वर्ष किंवा त्याहून जास्त मुरवलेल्याला होबेलकेझे म्हणतात. ते इतकं कडक होतं की रंध्यानं सोलून त्याच्या गुंडाळ्या करून खातात. गुंडाळी जिभेवर ठेवून विरघळू द्यावी, चावू नये.

सप्टेंबरात हंगाम संपला की चीजची वाटणी होते, 'खेस्टायलेट'. ज्याच्या गायींनी जितकं दूध दिलं त्या हिशोबानं त्याला चीज. तेव्हा जाता आलं तर उत्पादकाकडून थेट विकत घेता येतं.

शाकाहारी मंडळींसाठी दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. पारंपरिक चीजमधलं रेनेट वासराच्या जठरातून येतं, त्यामुळे ते कडक शाकाहारात बसत नाही. आणि बटाट्याच्या र्‍योष्टीत इकडच्या पद्धतीनं बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. 'ओने फ्लाइश, ओने श्पेक', म्हणजे मांस नको आणि ते डुकराचे तुकडेही नकोत, असं दोन्ही सांगा. नुसतं मांस नको म्हटलं तर श्पेक राहून जाऊ शकतं. मॅकरोनी, बटाटे, साय, चीज आणि तळलेला कांदा यांची आल्प्लरमाग्रोनेन ही डिश सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर देतात. हे मिश्रण ऐकायला विचित्र वाटतं, पण थंडीत चालून आल्यावर खरोखर उत्तम लागतं.

दुपारी म्युरेनहून गिमेलवाल्डपर्यंत अर्ध्या-पाऊण तासाचा डांबरी उतार. छोटं शेतकरी गाव, घराबाहेर लाकडं रचून ठेवलेली. वाटेत भेटणारा प्रत्येक जण 'ग्र्युएसेख' म्हणतो, आपणही म्हणावं. परतीची केबलकार पकडताना ती गिमेलवाल्डला थांबणारी आहे ना हे बघा. श्टेखेलबर्गहून थेट म्युरेनला जाणारी नवी केबलकार डिसेंबर २०२४ पासून चालू आहे. तिचा चढ १५९ टक्क्यांहून जास्त, जगातला सर्वांत उभा. वाटेतल्या गावासाठी ती उपयोगाची नाही.

चौथा दिवस: मेनलिखेन ते क्लाइने शायडेक, जुनं बर्फ

हा दिवस सविस्तर लिहितो, कारण जूनमध्ये सर्वांत जास्त फसगत याच उंचीवर होते.

वेंगेनहून केबलकारनं मेनलिखेन, २,२०० मीटरच्या थोडं वर. तिथून क्लाइने शायडेक (२,०६१ मीटर) साडेचार किलोमीटर, हलका उतार, पाटीवर दीड तास. जुलैत ही वाट आजीआजोबांनाही झेपते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीच वाट दोन-तीन ठिकाणी घळीतल्या जुन्या बर्फाखाली असू शकते. केबलकार चालू आहे म्हणजे वाट मोकळी आहे, असा समज करून घेऊ नका. वर जाण्याआधी वेबकॅम आणि वाटांची स्थिती दोन्ही बघा. स्थानकावर 'गेश्पेर्ट' अशी पाटी असेल तर वाट बंद आहे, तिथूनच परत फिरा.

बर्फाचा पट्टा धोकादायक का ठरतो? सकाळी तो रात्रीच्या गारठ्यानं काचेसारखा कडक असतो. पाय घसरला तर खालच्या दगडांपर्यंत थांबायला जागा नाही. दुपारी तो मऊ होतो, पण तेव्हा कडा पोकळ झालेल्या असतात. खालून वाहणारं पाणी आणि उन्हात तापलेले दगड बर्फ आतून खातात, आणि पाय कमरेपर्यंत आत जातो. त्यामुळे आधी खाली बघावं. पट्टा संपतो तिथं सपाट गवत असेल तर ओलांडता येईल, दगड किंवा कडा असेल तर नाही. काठीनं कडेला टोचून पोकळी तपासावी. बुटाच्या टोकानं पायरी मारून तिच्यावर वजन टाकून बघावं, मग दुसरा पाय. पाण्याचा आवाज जिथं खालून येतो तिथं पाऊल ठेवू नये. धावण्याच्या बुटांत हे होत नाही, घोट्यापर्यंतचे बूट आणि दोन काठ्या हव्यात. आमच्या वाटेवरच्या दोन पट्ट्यांवर पायऱ्या खणून दोर बांधलेला होता. तिसऱ्यावर नव्हता, तिथं वरच्या बाजूनं गवतातून वळसा घातला.

बर्फाच्या कडेलाच या दिवसाचं खरं नवल होतं. पट्टा जिथं वितळतो तिथल्या तपकिरी, चिखलट जमिनीतून पांढरे-जांभळे क्रोकस वर आलेले. आणि सोल्डानेला! झालरीच्या काठाची बोटभर जांभळी घंटा, चक्क बर्फाच्या पातळ थरातून बाहेर डोकावणारी. खालच्या खोऱ्यात मार्च-एप्रिलमध्ये संपलेला वसंत इथं आत्ता सुरू होत होता. पावलं जपून टाका, वाटेबाहेरची ही ओली जमीन बुटाखाली लगेच उखडते.

क्लाइने शायडेकला आयगरची उत्तर भिंत डोक्यावर येते, उंची जवळपास १,८०० मीटर. ती पहिल्यांदा चढली गेली जुलै १९३८ मध्ये. हेकमायर, फ्योर्ग, कास्पारेक आणि हारर हे चौघे. इथून युंगफ्राउयोखची गाडी सुटते, वरचं स्थानक ३,४५४ मीटरवर, सेवा १९१२ पासूनची. तिकीट महाग आहे. त्या सकाळचा वेबकॅम स्वच्छ असेल तरच घ्या, ढगात वर जाऊन पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. वर पोचल्यावर सावकाश चाला, जिना धावत चढू नका. डोकं दुखायला लागलं तर खाली उतरणं हाच उपाय.

जानेवारीत याच परिसरात वेंगेनची लाउबरहॉर्न स्की शर्यत होते, १९३० पासून. त्या दिवसांत राहायला जागा मिळत नाही. एरवी हिवाळ्यात न स्की करणाऱ्यांसाठीही पायवाटा दाबून तयार केलेल्या असतात, त्यांच्या पाट्या गुलाबी. त्याच वाटांवर राहा. बाजूच्या कोऱ्या बर्फात जायचं तर हिमस्खलनाचं रोजचं बुलेटिन वाचता आलं पाहिजे. धोक्याची श्रेणी १ ते ५ असते, आणि ३ हा आकडा मधला दिसत असला तरी बरेचसे जीवघेणे अपघात त्याच श्रेणीत होतात.

पाचवा दिवस: ओबरश्टाइनबेर्ग

खोऱ्याचं मागचं टोक. श्टेखेलबर्गला रस्ता संपतो आणि गर्दीही. ९१० मीटरवरून १,७७८ मीटरपर्यंत चढ. वाटेत ट्राखसेललाउएनेनला जुन्या खाणकामाचे, भट्टीचे अवशेष आहेत. पुढं स्प्रूसचं जंगल, मग अचानक उघडं कुरण आणि समोर हिमनद्या.

पाट्या वाचायची सवय इथंच लावून घ्या. नुसती पिवळी म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, पाऊल स्थिर हवं. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे हात वापरून चढायची, अनुभवींची वाट. पाटीवरची वेळ न थांबता चालण्याची असते, त्यात फोटो, जेवण, विश्रांती नाही. सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्यांनी सव्वापट धरावी, इतरांनी दीडपट. आम्हाला चढाईला साडेतीन तास लागले.

वर कुरणात गायी वासरांसह होत्या. वासरू जवळ असलेली गाय शांत दिसली तरी हात लावायला जाऊ नका. लांबून वळसा घाला, कुत्रं असेल तर दुप्पट अंतर ठेवा. कुंपणाची तार विजेची असते. दारातून गेल्यावर आकडा पुन्हा लावा.

दुपारी एकच्या सुमाराला पश्चिमेकडं ढग फुलकोबीसारखे चढायला लागले. उन्हाळ्यात इथली वादळं बहुधा दुपारनंतरच येतात, म्हणून सात-आठला निघून दोनपर्यंत खाली यायचं असं गणित ठेवावं. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीस किंवा त्याहून कमी आले तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. धार, एकटं झाड, तारेचं कुंपण, तिन्हीपासून दूर व्हा. आम्ही जंगलात शिरलो आणि अर्ध्या तासात गारा सुरू झाल्या. अपघात झाला तर हवाई बचावाचा क्रमांक १४१४, सर्वसाधारण ११२. बचावाचा खर्च विम्यात धरला आहे का, हे निघण्याआधी तपासा.

सहावा दिवस: शिल्टहॉर्न

गारांनंतर हवा धुतल्यासारखी स्वच्छ. तळाला सकाळी १५ अंश, माथ्यावर २, आणि वाऱ्यात त्याहून गार. लोकरी टोपी आणि हातमोजे जूनमध्येही पिशवीत हवेत. बर्फावरून परावर्तित झालेलं ऊन हनुवटीखालून, नाकाच्या आतूनही भाजतं, म्हणून तिथंही क्रीम लावा आणि गडद चष्मा घाला. चालायच्या वाटा अजून बंद होत्या, त्यामुळे वर जाणं-येणं केबलकारनंच. पिवळ्या चोचीचे काळे डोंगरकावळे वाऱ्यावर स्थिर उभे राहत होते.

दक्षिणेचा फ्योन वारा सुटला की माथ्यावरच्या केबलकार थांबवतात, आणि तेव्हा आकाश निळंशार असू शकतं. वर जाण्याची योजना शेवटच्या दिवसावर ढकलू नये ती यासाठी. आम्ही ढकलली होती, हवेनं साथ दिली. आणखी एक: ईस्टरनंतर मे अखेरपर्यंत, आणि ऑक्टोबर अखेरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत दोन्ही हंगामांमधला खंड असतो. बऱ्याच केबलकार दुरुस्तीसाठी बंद, वरची हॉटेलंही बंद. त्या आठवड्यांत स्वस्त खोली मिळाली तर ती का स्वस्त आहे हे आधी बघा.

दुपारी खाली उतरलो. पहिल्या दिवशी जिथं आजीबाई दंताळं ओढत होत्या तो उतार रिकामा झाला होता, गवत माळ्यावर चढलेलं, आणि कापलेल्या बुंध्यांतून हिरवे कोंब दिसायला लागले होते. दुसरी कापणी ऑगस्टमध्ये.